स्वप्नातल्या राज्यात भांडी कोण घासतं?

“उद्याच्या मोर्चाची पत्रकं अजून छापून आलेली नाहीत, कोर्टात दोन तारखा आहेत, आणि तुला परग्रहावरच्या बायका सुचताहेत!” विज्ञानकथा किंवा अद्भुतकथा हा विषय बैठकीत काढला की हे ठरलेलं वाक्य ऐकू येतं. बोलणारी मैत्रीण मनापासून बोलत असते. तिच्यासमोर खरोखरच मार खाऊन आलेली बाई बसलेली असते. रेशनचा प्रश्न असतो, पाण्याचा असतो. यात उडत्या गाड्या आणि जादूगार कशाला? पोट भरलेल्यांचा हा विरंगुळा, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?

माझं म्हणणं असं की संबंध आहे, आणि तो आपण जोडत नाही म्हणून आपलं नुकसान होतं आहे.

आपल्याला काय नको, हे आपण गेली पन्नास वर्षं नेमकेपणानं सांगत आलो. हुंडा नको, मारहाण नको, बलात्कार नको, गर्भलिंगपरीक्षा नको. ‘मग हवं काय?’ असं कुणी विचारलं की मात्र आपण कायद्याचं कलम सांगतो, नाहीतर सरकारी योजनेचं नाव. निधीसाठी भरायच्या अर्जात ‘तीन वर्षांत अपेक्षित बदल’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यात मावेल एवढंच स्वप्न पाहायची आपल्याला सवय लागली आहे. ज्यांच्याविरुद्ध आपण लढतो त्यांनी मात्र स्वप्नं पाहणं सोडलेलं नाही. रामराज्य हे स्वप्नच आहे. चकचकीत शहर, ज्यात झोपडपट्टी दिसतच नाही, हेही स्वप्नच. त्या चित्रात बाई कुठे उभी आहे, तिच्या हातात काय आहे, हे चित्र काढणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. आपण आपलं चित्र काढलं नाही तर दुसऱ्याच्या चित्रात आपल्याला दिलेल्या जागी उभं राहावं लागतं.

भविष्याची गोष्ट म्हणजे भाकीत नव्हे. आज जे ‘निसर्गनियम’ म्हणून आपल्या गळ्यात मारलं जातं, ते बदलून पाहिलं तर काय होईल, असा तो प्रयोग असतो. म्हणजे तो राजकीय विचारच असतो, फक्त गोष्टीच्या रूपात. आणि तो कुणी परदेशातून आणून आपल्याला दिलेला नाही. संत रविदासांनी ‘बेगमपुरा’ नावाच्या दुःख नसलेल्या शहराची कल्पना केली. तिथे कर नाही, दुय्यम कुणी नाही, आणि कुणीही कुठेही मोकळेपणानं हिंडू शकतं. ज्याला गावात हवं तिथे चालायची मुभा नाही, त्यानं हे शहर कल्पिलं, यात त्याचं सगळं राजकारण आलं.

रुकैयाचा सूर्य

आता बाईनं लिहिलेल्या गोष्टीकडे येऊ. रुकैया सखावत हुसैन यांचा जन्म १८८० सालचा, रंगपूर जिल्ह्यातल्या पैराबंदचा. आज हा भाग बांगलादेशात आहे. घर जमीनदाराचं, पडदा कडक. मुलींनी बंगाली आणि इंग्रजी शिकणं घरात मान्य नव्हतं. रात्री सगळे झोपल्यावर मोठ्या भावानं तिला चोरून शिकवलं. १९०५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, तिनं इंग्रजीत एक कथा लिहिली : ‘सुलतानाज ड्रीम’, म्हणजे सुलतानाचं स्वप्न. ती मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ या बायकांच्या मासिकात छापून आली.

सुलताना आरामखुर्चीत हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीचा विचार करत पडलेली असते. तिला एक मैत्रीण दिसते आणि ती तिला बाहेर फिरायला नेते. रस्त्यावर लख्ख उजेड, पण पुरुष एकही नाही. सुलताना बुरख्याविना बाहेर पडल्यामुळे लाजते. तेव्हा मैत्रीण सांगते की या देशात पुरुष घरात बंद असतात. ‘जनाना’ऐवजी ‘मर्दाना’. सुलतानाला धक्का बसतो, तर मैत्रीण तिलाच उलट विचारते : वेडा माणूस दंगा करत असेल तर तुमच्याकडे कुणाला कोंडून ठेवतात, वेड्याला की शहाण्यांना? मग तुमच्या देशात त्रास देणारे मोकळे आणि त्रास सोसणाऱ्या आत, असं का?

हे झालं कसं, तेही रुकैया सांगते. त्या देशाच्या राणीनं मुलींसाठी शाळा काढल्या, एकविसाव्या वर्षाआधी लग्नाला बंदी केली. बायकांची दोन विद्यापीठं उभी राहिली. एकीनं ढगांतून पाणी ओढून घेण्याची युक्ती शोधली, दुसरीनं सूर्याची उष्णता साठवण्याची. पुरुष त्या काळात लष्कर वाढवण्यात गुंतले होते आणि बायकांच्या शोधांना हसत होते. पुढे शेजारच्या देशातून पळून आलेल्या काही माणसांना राणीनं आश्रय दिला आणि त्यांना परत करायला नकार दिला, म्हणून युद्ध झालं. पुरुष हरले. तेव्हा विद्यापीठाची प्रमुख आपल्या विद्यार्थिनींना घेऊन निघाली आणि साठवलेला सूर्य शत्रूवर रोखून तिनं युद्ध संपवलं. या कामगिरीआधी तिनं एकच अट घातली होती : पुरुषांनी घरात जावं. थकलेले पुरुष गेले आणि आतच राहिले.

या एवढ्याशा कथेत किती विचार आहे पाहा. ज्ञान कुणाच्या हाती, त्यावर सत्ता कुणाची हे ठरतं. युद्धाचं कारण लूट नाही, निर्वासितांचं रक्षण आहे. दुसऱ्यांच्या जमिनीवर आणि हिऱ्यांवर आमचा डोळा नाही, असंही त्या देशातल्या बायका सांगतात. हे वाक्य इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजी भाषेत, बंगालच्या फाळणीच्या वर्षी छापलं गेलं आहे! आणि विनोदही कसा? पुरुष कचेरीत सात तास बसतात म्हणे. पण एक चिरूट ओढायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे सहा तास धुरात गेले. बायका तेच काम दोन तासांत उरकतात.

रुकैया नुसती स्वप्नं पाहत बसली नाही. नवरा गेल्यावर १९०९ मध्ये तिनं भागलपूरला मुलींची शाळा काढली, १९११ मध्ये ती कलकत्त्याला हलवली, घरोघर जाऊन मुली गोळा केल्या. १९१६ मध्ये मुसलमान बायकांची संघटना बांधली. १९३२ मध्ये गेली तोवर ती हेच करत होती. जिनं विद्यापीठाचं स्वप्न लिहिलं, तिनंच शाळेचे बाक मांडले. स्वप्न आणि काम ही दोन खाती आपण केली आहेत, तिनं केली नव्हती.

ही गोष्ट मी वस्तीतल्या गटांमध्ये मराठीतून सांगते. बायका खूप हसतात, चिरुटाच्या हिशेबाला तर हमखास. एकदा गोष्ट संपल्यावर धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींनी विचारलं, “ते सगळं खरं गं, पण त्या राणीची भांडी कोण घासतं?” माझ्या मते अशा साहित्यावर याहून नेमका प्रश्न कुणा समीक्षकानं विचारलेला नाही. इथून पुढे मी प्रत्येक स्वप्नाला तोच विचारणार आहे.

रुकैयाकडे त्याचं अर्धं उत्तर आहे. तिच्या स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजतं. सुलताना ते पाहायला जाते तेव्हा तिथल्या पुरुषांना आधी बाहेर काढावं लागतं. म्हणजे चुलीपाशी पुरुष आहेत! पण राणी राणीच आहे, आणि राणी म्हटलं की दासी आलीच. त्या दासीबद्दल कथा काही बोलत नाही.

यान चंद्रावर, बाई ओट्यापाशी

पुरुषांनी लिहिलेल्या बहुतेक भविष्यकथांत तर हा प्रश्नच उठत नाही. अमेरिकन लेखिका जोआना रस हिनं १९७० च्या सुमारास आपल्याच क्षेत्रातल्या कथांची झडती घेतली. यानं आकाशगंगा ओलांडतात, माणूस विचारांच्या बळावर वस्तू हलवतो, पण घरातलं नातं मात्र अमेरिकन उपनगरातलंच : नवरा कामावर, बायको घरी, हातात जेवणाचं ताट. या लेखकांना भौतिकशास्त्राचे नियम बदलता येतात, पण बाईची जागा बदलण्याइतकी कल्पनाशक्ती त्यांच्यापाशी नाही. आपल्याकडच्या विज्ञानकथांमध्ये शास्त्रज्ञाची बायको किती वेळा चहा घेऊन येते, हे मैत्रिणींनी स्वतःच मोजून पाहावं.

यामागे एक समजूत आहे आणि ती आपल्यातही खोल रुजलेली आहे : यंत्र आलं की बाई मोकळी होईल. गॅस आला, मिक्सर आला, कपडे धुण्याचं यंत्र आलं, आता आणखी काय हवं? रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईनं १९८३ मध्ये अमेरिकन घरांचा अभ्यास मांडला. तिला दिसलं की यंत्रांनी घरातल्या इतरांची कामं आधी काढून घेतली. लाकडं फोडणं, पाणी भरणं ही पुरुषांची आणि मुलांची कामं गेली, बाहेर दिलं जाणारं धुणं घरी आलं, स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, आणि ते सगळं एकट्या गृहिणीच्या गळ्यात पडलं. आपल्याकडचे आकडे हवे असतील तर २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात आहेत. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि घरकामात हात घालणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. त्यातही हात घालणारे पुरुष चारांत एक. रुकैयाच्या चिरुटांचा हिशेब जुना झालेला नाही.

यंत्र कुणाच्या बाजूनं काम करणार हे यंत्र ठरवत नाही. हा धडा महाराष्ट्रातल्या स्त्रीचळवळीनं फार मोठी किंमत मोजून शिकलेला आहे. पोटातल्या गर्भातले दोष ओळखण्यासाठी आलेली तपासणी मुली नाहीशा करण्यासाठी वापरली गेली. आपल्या लढ्यामुळे १९८८ मध्ये या राज्यात देशातला पहिला कायदा झाला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला. तरीही शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सोनोग्राफीचं यंत्र नवं होतं, ते चालवणारी इच्छा जुनी होती. ‘विज्ञान पुढे जाईल तसा समाज पुढे जाईल’ असं सांगणाऱ्या प्रत्येक भविष्यकथेला हा आकडा दाखवायला हवा.

याच गाठीवर मार्ज पिअर्सी या लेखिकेनं १९७६ मध्ये एक कादंबरी लिहिली, ‘वुमन ऑन द एज ऑफ टाइम’. तिची नायिका कॉनी रामोस न्यूयॉर्कमधली गरीब, मेक्सिकन वंशाची बाई आहे. तिची मुलगी सरकारनं काढून घेतली आहे, तिला वेड्यांच्या इस्पितळात डांबलं आहे आणि तिच्या मेंदूवर प्रयोग करायचे बेत चालले आहेत. अशी बाई सन २१३७ मधल्या एका गावात जाऊन पोचते. तिथे मुलं यंत्रात वाढतात. प्रत्येक मुलाला तीन आया असतात आणि त्यांत पुरुषही असतात. ते अंगावर पाजतातसुद्धा. कॉनी हे पाहून संतापते. बाईपाशी उरलेली ही एकच ताकद, तीही देऊन टाकलीत? गावातली माणसं उत्तर देतात की सत्तेची जुनी वाटणी मोडायची तर आम्हालाही आमचं काही सोडावं लागलं, नाहीतर पुरुष कधीच आई झाले नसते.

कोण बरोबर? लेखिका घाईनं निकाल देत नाही. ती एक गोष्ट मात्र स्पष्ट करते : त्या गावात यंत्र गावाच्या मालकीचं आहे आणि काय करायचं ते गाव बसून ठरवतं. त्याच कादंबरीत दुसरंही एक भविष्य आहे, जिथे तंत्रज्ञान धनदांडग्यांच्या हाती आहे आणि बाई ही कराराने वापरायची वस्तू आहे. भारतात २००२ नंतर भाड्याच्या गर्भाशयाचा बाजार वाढला आणि २०२१ च्या कायद्यानं त्यातला पैशाचा व्यवहार बंद केला. गर्भ वाढवणाऱ्या बाईचं त्यात काय झालं, तिला कुणी काय विचारलं, या वादात उतरण्याआधी कॉनीचा संताप आणि तिला मिळालेलं उत्तर, दोन्ही ऐकून घ्यावं असं मला वाटतं. अशी स्पष्ट मांडणी आपल्या अहवालांत क्वचित सापडते.

पाळी कुणाची?

उर्सुला ले ग्विन ही लेखिका १९२९ मध्ये जन्मली आणि २०१८ मध्ये गेली. तिच्या १९७४ च्या ‘द डिस्पझेस्ड’ या कादंबरीत अनारेस नावाचा एक ओसाड चंद्र आहे. एका बाईच्या, ओडोच्या, विचारांवर चालणाऱ्या लोकांनी तिथे सरकार नसलेला, मालमत्ता नसलेला समाज उभा केला आहे. तिथे ‘माझं’ हा शब्दसुद्धा सहसा कुणी वापरत नाही. लग्नाचा कायदा नाही, बाईपुरुष एकच कामं करतात. आणि तिथे भांडी कोण घासतं? सगळे, पाळीनं. दर दहा दिवसांतला एक दिवस घाणीचं, कंटाळवाणं काम करायला कुणालाही बोलावता येतं, मग तो मोठा शास्त्रज्ञ का असेना. मावशींच्या प्रश्नाचं मला सापडलेलं हे सर्वांत सरळ उत्तर.

पण ले ग्विन इथे थांबत नाही, म्हणून ती आपल्या कामाची आहे. अनारेसवर कायदा नाही, तरी भीती आहे. ‘लोक काय म्हणतील’ हाच तिथला पोलीस. नायक शेवेक पदार्थविज्ञानात नवं काही शोधतो, तर त्याच्या वर बसलेला माणूस ते अडवून धरतो. वरिष्ठ असं पदच नसलेल्या समाजात हा वरिष्ठ झाला कसा? हळूहळू, समित्यांमधून, ओळखीपाळखीतून. मैत्रिणींनो, हे वाचताना आपल्या संघटना आठवत नाहीत का? ‘आमच्यात कुणी लहानमोठं नाही’ असं आपण म्हणतो. पण बैठकीनंतर कप कोण विसळतं, इंग्रजी येणाऱ्या मैत्रिणीचं बोलणं किती वेळ ऐकलं जातं आणि वस्तीतून आलेल्या कार्यकर्तीचं किती वेळ, पत्रकार परिषदेत कोण बसतं आणि सतरंज्या कोण गोळा करतं? क्रांती एकदा करून ठेवून देता येत नाही, ती रोज करावी लागते, हे त्या कादंबरीचं म्हणणं भाषणांपेक्षा जास्त झोंबतं.

तिनंच त्याच वर्षी ओडोवर एक छोटी कथा लिहिली. ओडो बहात्तर वर्षांची आहे, पक्षाघातातून उठली आहे. आजूबाजूची तरुण मंडळी तिला देवघरात बसवायच्या बेतात आहेत. तिला मात्र मेलेला नवरा आठवतो, दुखणारे पाय जाणवतात, आपल्या नावाचा कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशी मोठा संप व्हायचा आहे. म्हाताऱ्या कार्यकर्तीच्या मनात काय चालतं, याबद्दल आपल्या चळवळीनं किती लिहिलं आहे?

अद्भुतकथांमध्येही तिनं हाच प्रश्न नेला. ‘अर्थसी’ या बेटांच्या जगाबद्दलची तिची पहिली कादंबरी १९६८ ची. त्यात जादूची शाळा पुरुषांची, बायकांची जादू हलकी आणि वाईट समजली जाणारी. तिसरी कादंबरी १९७२ मध्ये आली. मग अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, तिनं त्याच जगाकडे परत येऊन ‘तेहानू’ लिहिली. यात नायिका आहे शेत राखणारी मध्यमवयीन विधवा, आणि तिच्यापाशी आहे अत्याचार करून आगीत टाकलेली एक लहान मुलगी. एके काळचा सर्वांत मोठा जादूगार आता जादू गमावून बसला आहे. विधवेचा तरणा मुलगा घरी येतो तो ताट उचलायला तयार नाही, ते बायकांचं काम म्हणून. ताटं धुतो तो म्हातारा जादूगार. स्वतःच रचलेल्या जगातला अन्याय लेखिका परत येऊन दुरुस्त करते, आणि तो ओट्यापाशी करते.

कुणाला वगळून?

आता आपल्याच माणसांशी भांडायचा भाग. बाईनं लिहिलं म्हणून स्वप्न निर्मळ होत नाही.

शार्लट पर्किन्स गिलमन हिची ‘हरलँड’ १९१५ मध्ये तिच्याच मासिकात क्रमशः आली. दोन हजार वर्षं फक्त बायकांचा असलेला देश, जिथे पुरुषाविना मुली जन्मतात. युद्ध नाही, गरिबी नाही, मुलांना वाढवणं हे सगळ्या देशाचं काम. वाचताना मन हरखतं. पण नीट वाचलं की दिसतं, त्या बायका आर्यवंशाच्या असल्याचं मुद्दाम सांगितलं आहे, आणि ज्यांच्यात ‘दोष’ आहेत त्यांनी आई होऊ नये असा तिथला दंडक आहे. ही पुस्तकातली चुकून राहिलेली रेघ नव्हती. १९०८ मध्ये याच लेखिकेनं एका समाजशास्त्रीय नियतकालिकात काळ्या लोकांना सक्तीच्या श्रमपथकांत घालण्याची सूचना केली होती. वंशशुद्धीच्या पायावर उभं केलेलं बायकांचं राज्य म्हणजे काय, हे जातीच्या देशात राहणाऱ्या आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. जातीत लग्न, जातीत मुलं, त्यासाठी बाईवर पहारा, ही वंशशुद्धीच आहे.

मार्गारेट अॅटवुड हिची १९८५ ची ‘द हँडमेड्स टेल’ आज सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत धर्मांधांचं राज्य येतं, बायकांचे पैसे आणि नोकऱ्या जातात, वाचायला बंदी येते, प्रजननक्षम बायका सत्ताधाऱ्यांच्या घरी मुलं काढण्यासाठी वाटल्या जातात. इतिहासात कुठे ना कुठे घडलेलं नाही असं मी काही घातलेलं नाही, असं अॅटवुड सांगत आली आहे. रुमानियात १९६६ पासून गर्भपातबंदी करून बायकांवर पाळत ठेवली गेलीच होती. २०१७ पासून अमेरिकेत आणि पुढे अर्जेंटिनातही बायका त्या कादंबरीतले लाल झगे घालून निदर्शनांना उभ्या राहिल्या. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. गोष्टीचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी हे झगे पाहावेत.

तरी एक टीका ऐकायला हवी. दुसऱ्यासाठी मुलं जन्माला घालण्याची सक्ती, वाचायला बंदी, मालकाच्या नावानं ओळख, हे सारं अमेरिकेत काळ्या गुलाम बायकांनी शतकानुशतकं भोगलं. कादंबरीत मात्र काळ्या लोकांना गोष्टीच्या सुरुवातीच्या काळातच दूर हलवून टाकलं आहे, आणि त्यांचा भूतकाळ गोऱ्या बाईचं भयानक भविष्य होऊन येतो. आपल्याकडेही हा हिशेब मांडायला हवा. मुक्ता साळवे या मुलीनं १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध लिहून मांगमहारांना ज्ञानाचा अधिकार नाकारणाऱ्या धर्माला जाब विचारला. ‘एक दिवस बायकांना वाचू देणार नाहीत’ ही कल्पना ऐकून जिच्या अंगावर काटा येतो, तिनं हेही लक्षात घ्यावं की ज्यांच्यावर ती बंदी होती त्यांच्या लेकी आज तिच्या शेजारीच बसल्या आहेत. एकीचं दुःस्वप्न ही दुसरीच्या आजीची हकिगत असते.

ले ग्विनची १९७३ ची एक कथा इथे वाचायलाच हवी. ओमेलास नावाच्या शहरात सगळे सुखी आहेत. अट एकच : एका तळघरात एक मूल घाणीत कोंडलेलं राहिलं पाहिजे. सगळ्यांना ते ठाऊक असतं. बहुतेक जण रडतात आणि मग समजूत घालून घेतात. काही थोडे शहर सोडून निघून जातात. एन. के. जेमिसिन या काळ्या लेखिकेनं २०१८ च्या आपल्या कथेत याला उत्तर दिलं. निघून जाऊन त्या मुलाचं काय भलं झालं? राहा आणि लढा. आपला पक्ष उघडच जेमिसिनचा आहे. पण ले ग्विननं तळघराचं दार दाखवलं नसतं, तर राहून लढायचं कुठे हे कळलं नसतं. आपल्या मोकळेपणासाठी कुठल्या तळघरात कोण आहे? आपण शिबिराला येतो तेव्हा आपलं मूल कोण सांभाळतं, तिला पगार किती, तिची रविवारची सुट्टी कुठे गेली?

तर करायचं काय?

ज्या मैत्रिणी म्हणतात की आधी पाणी, आधी रेशन, मग स्वप्नं, त्यांना माझं सांगणं आहे की वस्तीतल्या बायका या दोन गोष्टी वेगळ्या करत नाहीत. रुकैयाची गोष्ट ऐकल्यावर ‘तुमच्या देशात काय असेल?’ असं विचारलं तर उडती गाडी कुणी मागत नाही. रात्री एकटीनं चालता येईल असा रस्ता मागतात. दार लागणारा संडास मागतात. कुणी हाक मारणार नाही असा एक तास मागतात. एकीला नवऱ्यानं विचारावं असं वाटतं, ‘तू जेवलीस का?’ ही मागणी कुठल्या कलमात बसते? कायद्यात बसत नाही म्हणून ती मागणीच नाही, असं आपण ठरवून टाकलं आहे. स्वप्न चैनीचं आहे असं म्हणणारे खरं तर असं म्हणत असतात की गरीब बाईनं पोटापलीकडचं काही मागू नये. हे म्हणणं आपलं असू नये.

आणि जे ‘विज्ञानयुग आलं, आता सगळं आपोआप होईल’ म्हणतात, त्यांना विचारावं की यंत्र कुणाच्या मालकीचं, ते शिकायला कोण गेलं आणि त्यातून वाचलेला वेळ कुणाच्या वाट्याला आला. रुकैयानं १९०५ मध्ये सूर्य बायकांच्या विद्यापीठात ठेवला होता, बाजारात नव्हे.

म्हणून काही साधी कामं सुचवते. प्रत्येक निवासी शिबिराच्या वेळापत्रकात, कायद्याच्या सत्राइतकेच, दोन तास गोष्टीसाठी ठेवावेत. गोष्ट सांगावी, वाचायला देऊ नये, म्हणजे अक्षर न येणारी मागे पडत नाही. या लेखातल्या किमान चार गोष्टी आपल्यापैकी कुणीतरी सोप्या बोलीत, सांगता येतील अशा करून लिहाव्यात. सुरुवात रुकैयापासून व्हावी. मग बायकांना त्यांच्या देशातला एक दिवस सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत सांगायला लावावा आणि तो लिहून घ्यावा. तिथे पाणी कोण भरतं, आजाऱ्याजवळ कोण बसतं, पैसे कुणाच्या हाती असतात, भांडण झालं तर कोण मिटवतं, दुसऱ्या जातीची सून आली तर कुठे बसते, सगळं विचारावं. ज्या दिवसात कुणीतरी न दिसता राबत असेल, तो दिवस परत सांगायला लावावा.

त्या लिहिलेल्या दिवसांतून आपला पुढचा जाहीरनामा करावा. तो निधीच्या अर्जातल्या रकान्यात मावणार नाही. न मावो. रकाना त्यांनी आखला आहे, दिवस आपला आहे.